उघाडी

खारेपाटात पूर एका बाजूनं येत नाही. अलिबाग-पेणकडच्या खाडीकाठच्या या जमिनी उधाणाच्या पाण्यापेक्षा खोल. भोवती मातीचे बांध घालून माणसांनी त्या भाताखाली आणल्या. आतलं पाणी बाहेर जायला बांधात उघाडी ठेवली. भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की तिचं दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं.

पण दार मिटलं म्हणून पाऊस थोडाच थांबतो? तो शेतात साठत राहतो. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असेल आणि अंबा नदीचा लोंढाही धरमतरच्या खाडीत उतरला असेल, तर ओहोटीलाही खाडी फुगलेलीच. मग पाण्याला वाटच उरत नाही. एकटा पाऊस बांध सोसतो, एकटी भरतीही सोसतो. दोन्ही एका वेळी आली की खांड पडते. खारं पाणी एकदा भातात शिरलं, की पावसानं मीठ धुऊन जाईपर्यंत जमीन हाती लागत नाही.

म्हणून जुनी माणसं आभाळाबरोबर तिथीही बघायची. चतुर्दशीला पाऊस लागला की रात्री घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर. बांधाच्या डागडुजीपोटी कुळं खोताला, शिलोत्रीदाराला भात मोजत. पुढे १९४८ आणि १९७९ साली खारजमिनींचे कायदे झाले, बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. कुळांवरचं ओझं उतरलं हे चांगलंच झालं; पण रात्री बांधावर धावायची सवयही हळूहळू गेली.

हाच हिशेब शहरांनाही चुकत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दुपारी मुंबईच्या समुद्राला मोठी भरती होती. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा पौर्णिमा तोंडावर आली होती.

पाऊस किती पडणार हे आज रेडिओ सांगतो, भरतीची वेळ पंचांगात असते. दोन्ही एकत्र वाचणारा माणूस मात्र गावात राहिला पाहिजे. आणि उघाडीचं दार कुजलंय का, हे त्यानं मे महिन्यातच बघायला हवं. आषाढात बघून काय उपयोग?