रेस अडकली तर… : धावती दुचाकी सुरक्षितपणे थांबवायची कशी?

मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढतो आणि मूठ सोडली की तो आपोआप उतरतो. यातील दुसरी क्रिया चालकाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तीही एका स्प्रिंगवर आणि एका बारीक तारेवर अवलंबून आहे, याचे भान सहसा राहत नाही. ती तार किंवा स्प्रिंग दगा देते तेव्हा मूठ सोडूनही इंजिन गर्जतच राहते आणि वाहन पुढे झेपावते. गॅरेजच्या भाषेत याला ‘रेस अडकणे’ म्हणतात. हा प्रसंग रोजचा नव्हे. परंतु ओढवला तर विचाराला उसंत देत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन तीन सेकंदांत ५० मीटर अंतर ओलांडते. पणजीतील एखाद्या चौकात किंवा फेरीबोटीच्या धक्क्यावरील उतरणीवर एवढे अंतर हाताशी नसते.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला प्रयत्न फक्त ब्रेक दाबण्याचा असतो. तो स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. पूर्ण जोराने चालणारे इंजिन चाकाला पुढे ढकलत असते आणि ब्रेक त्याच चाकाला मागे खेचत असतो. छोट्या इंजिनाच्या गाडीत ही झुंज अखेर ब्रेकच जिंकेल. पण तोवर थांबण्याचे अंतर वाढलेले असते. शिवाय ड्रम ब्रेक सतत घासून तापले की त्यांची पकड ढिली पडते. म्हणून आधी इंजिन आणि चाक यांचे नाते तोडायचे, मग इंजिन बंद करायचे, हा क्रम महत्त्वाचा. गिअरच्या मोटारसायकलीत हे नाते तोडणारी वस्तू डाव्या हाताच्या चार बोटांखालीच असते, ती म्हणजे क्लच.

क्लच पूर्ण दाबताच इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोहोचणे थांबते. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज भयंकर वाढतो, कारण त्याच्यावरचा भार नाहीसा झालेला असतो. नेमके येथेच अनेक जण घाबरून क्लच सोडून देतात आणि गाडी पुन्हा उसळी घेते. आवाज कितीही चढला तरी क्लच सोडू नये. आजच्या इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत फेऱ्यांची कमाल मर्यादा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने राखलेली असते. काही सेकंद इंजिन त्या मर्यादेवर अडखळत राहिले म्हणून ते फुटत नाही. आणि नुकसान झालेच, तर इंजिन दुरुस्त करता येते.

क्लच दाबलेलाच ठेवून उजव्या अंगठ्याने किल स्विच बंद करावा. उजव्या मुठीजवळचे हे लाल बटण प्लगला मिळणारी ठिणगी तोडते. ते बंद केले तरी बहुतेक गाड्यांत दिवे आणि एबीएस चालू राहतात, म्हणून रात्री चावीपेक्षा किल स्विच श्रेयस्कर. यानंतर दोन्ही ब्रेक एकसारख्या, वाढत्या दाबाने लावावेत. मोटारीच्या ब्रेकला इंजिनाची मदत लागते. दुचाकीच्या ब्रेकला ती लागत नाही, त्यामुळे इंजिन बंद पडले म्हणून ब्रेक कमकुवत होतील ही भीती अनाठायी आहे. गाडी डावीकडे घेत, आरशात मागचे वाहन पाहत थांबावे.

अमेरिकेतील मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या चालक-पुस्तिकेत आणखी एक सूचना आहे : मूठ काही वेळा पुढे-मागे फिरवून पाहावी, अडकलेली केबल त्याने सुटू शकते, न सुटल्यास किल स्विच आणि क्लच एकाच वेळी वापरावेत. मोकळ्या रस्त्यावर हा सल्ला योग्यच. पण म्हापशाच्या बाजारात किंवा फोंड्याच्या गर्दीत मूठ फिरवून पाहण्यात घालवलेला सेकंद महाग पडेल; तेथे आधी क्लच, बाकी सारे नंतर.

अनेक साध्या मोटारसायकलींना आणि जुन्या स्कूटरना किल स्विच नसतोच. तेथे चावी हाच उपाय. चावी ‘बंद’ या खुणेपर्यंतच फिरवावी. ती आत दाबू नये, पुढे फिरवू नये आणि काढूनही घेऊ नये. हँडल लॉक होण्यासाठी साधारणतः हँडल एका बाजूला पूर्ण वळवून चावी दाबून फिरवावी लागते. सरळ जाताना नुसती चावी बंद केल्याने हँडल अडकत नाही. गोंधळात चावी दाबून पुढे फिरवली तर मात्र तो धोका ओढवून घेतल्यासारखे होते.

गिअर नसलेली स्कूटर

गोव्याच्या रस्त्यांवर, विशेषतः भाड्याच्या दुचाकींत, गिअर नसलेल्या स्कूटरच जास्त दिसतात. त्यांना हाताचा क्लच नाही. डाव्या हातातला दांडा हा ब्रेक आहे. आतला क्लच इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडतो, म्हणजे रेस अडकली असताना तो सुटण्याची शक्यताच नसते. तेव्हा डाव्या हाताने ब्रेक घट्ट दाबून धरावा आणि उजवा हात मुठीवरून काढून किल स्विच किंवा चावी बंद करावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा एबीएस बंधनकारक आहे. संयुक्त प्रणालीच्या स्कूटरमध्ये डावा दांडा दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, हे येथे मोठेच साहाय्य होय. ब्रेक सोडत-दाबत राहू नये. एकदाच, जोरकसपणे, थांबेपर्यंत.

स्कूटरच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. ‘रेस अडकली होती’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही प्रसंगांत अडकलेली वस्तू केबल नसून चालकाचा हात असतो. गाडीने अनपेक्षित झेप घेतली की शरीर मागे फेकले जाते, मुठीला लटकलेला हात ती आणखी पिळतो आणि वेग वाढतच जातो. पुढचा ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच हातात असल्याने ब्रेक पकडण्याच्या धडपडीतही मूठ पिळली जाते. इंजिन चालू ठेवून स्कूटर ढकलत फेरीबोटीत चढवणाऱ्यांवर हा प्रसंग सहज येऊ शकतो. हाताने ढकलायची असेल तर आधी इंजिन बंद करावे.

चोर्ला किंवा अनमोड घाटातील उतारावर आणखी एक अडचण असते : क्लच दाबून ठेवल्यावर इंजिनाचा अवरोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. किल स्विच बंद झाल्याची खात्री झाली की क्लच हळूहळू सोडावा. बंद इंजिनही चाकाला थोडेफार रोखते. वळणात, गाडी कललेली असताना मात्र क्लच झटक्याने सोडू नये. किल स्विच बंद-चालू असा खेळवणेही टाळावे. ठिणगीविना आत गेलेले पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये साचते आणि ठिणगी परत येताच तेथे मोठा बार होतो.

ठिणगी तोडूनही न थांबणारी इंजिने

जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या जपणाऱ्या शौकिनांसाठी थोडे वेगळे. क्रँकचे सील झिजले तर इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि मूठ मिटलेली असूनही फेऱ्या चढत जातात. इंजिन अतिशय तापले असेल तर आतल्या लालबुंद काजळीवरच पेट्रोल पेटत राहते आणि चावी बंद करूनही ते धडधडत राहू शकते. अशा वेळी चोक ओढावा. जास्तीच्या पेट्रोलाने इंजिन गुदमरते. नुसता पेट्रोल कॉक बंद करणे कामाचे नाही. कार्बोरेटरमधला साठा संपेपर्यंत इंजिन चालते आणि संपता संपता मिश्रण आणखी विरळ होऊन फेऱ्या उलट वाढतात.

किल स्विच आणि चावी दोन्ही निकामी ठरली, तर क्लच दाबूनच गाडी थांबवावी. पाय टेकवून दोन्ही ब्रेक आवळून धरावेत आणि शक्य झाल्यास वरचा गिअर टाकून क्लच सोडावा. इंजिन झटका देऊन बंद पडते. मागचे चाक झटका देणारच, तेव्हा समोर माणूस किंवा भिंत नको. चालू इंजिनाच्या प्लगची टोपी उघड्या हाताने उपसण्याचा पराक्रम करू नये. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

गाडी थांबल्यावर ‘आता सुटली का पाहू’ म्हणून इंजिन चालू करून पाहणे ही सर्वांत वाईट परीक्षा. इंजिन बंद ठेवूनच मूठ पूर्ण पिळून सोडावी. ती ‘टक्’ असा आवाज करत स्वतःहून मागे यायला हवी. हँडल डावीकडे टोकाला, मग उजवीकडे टोकाला नेऊन तेच करावे. कुठेही ती रेंगाळली, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह आवरावा.

दोष बहुधा केबलमध्येच सापडतो. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी केबलच्या वरच्या तोंडातून पाणी आत शिरते, तार गंजते, तिचा एखादा धागा तुटतो आणि तुटलेले टोक आवरणात रुतून बसते. डिचोली-सांगे परिसरातील खाणपट्ट्यात लाल धूळ हीही एक शत्रू आहे. एअर फिल्टर फाटका असेल तर ती थेट कार्बोरेटरच्या सरकत्या पिस्टनपाशी पोहोचते. मोबाइलचा स्टँड, हातमोज्यांसारखे मुठीवरचे आवरण, उंच हँडल अशी हौसेची जोडकामेही केबल ताणतात किंवा मुठीला घासतात. मुठीला साधारणतः २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल असावी. इंजिन मंद चालू असताना हँडल दोन्ही टोकांना वळवून आवाज बदलतो का, हे ऐकावे. बदलत असेल तर केबल आखूड पडते आहे किंवा चुकीच्या वाटेने बसवली आहे. धागा तुटलेल्या केबलवर तेल सोडून काम भागवणारे मेकॅनिक भेटतात. अशा वेळी नवीच केबल मागून घ्यावी, आणि ती पावसाळ्यापूर्वी.