टोकन नंबर सत्तेचाळीस

आमच्या घराण्यात संगणकाशी असलेले वैर वडिलोपार्जित आहे. अण्णा बँकेत क्लार्क होते, मीही बँकेत क्लार्क आहे. फरक एवढाच, की अण्णांनी संगणकाविरुद्ध घोषणा दिल्या आणि मी त्याच्यासमोर बसून पगार घेतो. युनियनच्या एका मोर्चात अण्णांच्या खांद्यावर बसून मी मूठ उगारली होती, असे आई कौतुकाने सांगते. खरे म्हणजे मला शू लागली होती. पण इतिहास हा असाच तयार होतो.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर थोडा सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे, त्यामुळे इतिहासाची आणि माझी शेवटची भेट दहावीच्या पेपरात झाली होती. चूकभूल द्यावी घ्यावी.

बँकेच्या यंत्राची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९६० च्या आसपास लूथर सिमजियान नावाच्या गृहस्थांनी पैसे भरून घेणारे एक यंत्र बनवले आणि न्यूयॉर्कमधल्या बँकेने ते बसवलेही. काही महिन्यांतच ते काढून टाकावे लागले. ते वापरत कोण, तर थोडे जुगारी आणि थोड्या वेश्या, ज्यांना कॅशियरला तोंड दाखवायचे नव्हते, असे खुद्द सिमजियाननीच पुढे सांगितले. म्हणजे बाकीच्या सज्जनांना अजून कॅशियरचे तोंड पाहावेसे वाटत होते. आमच्या खात्याचा तो सुवर्णकाळ म्हणायचा.

पुढे २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेला एनफील्ड येथे बार्कलेज बँकेने नोटा देणारे यंत्र बसवले. पहिले पैसे काढले रेग वार्नी या नटाने. एका वेळी दहा पौंड मिळत. हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघाले ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्या शिलाँगचे. एका शनिवारी त्यांना बँकेत पोचायला उशीर झाला आणि दार बंद झालेले दिसले. आपण अशा वेळी शिपायाशी भांडतो. त्यांनी घरी जाऊन टबात आंघोळ केली, आणि चॉकलेट देणारे यंत्र असते तर नोटा देणारे का नसावे, हा विचार त्यांना टबात सुचला. आर्किमिडीजपासून पाहा, शोध टबातच लागतात. आपल्याकडे बादली-तांब्याची पद्धत, त्यात पाणी जायची घाई. शोध लागणार कधी?

तेव्हा प्लास्टिकचे कार्ड नव्हते. कार्बन-१४ हा किरणोत्सारी पदार्थ लावलेला कागदी चेक यंत्रात सरकवायचा. त्याने प्रकृतीला अपाय होण्यासाठी असे १,३६,००० चेक खावे लागतील, असा हिशोब शेफर्ड-बॅरन यांनी मांडला होता. आमच्या बँकेचा कर्जाचा अर्ज मात्र एकदा नुसता वाचला तरी पुरतो.

चेकबरोबर गुप्त आकडा हवा. साहेबांच्या मनात सहा आकडे होते, कारण त्यांना आपला लष्करातला नंबर पाठ होता. स्वयंपाकघरात त्यांनी हे बायकोला सांगितले. ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. झाले! त्या दिवसापासून आपण सारे चार आकड्यांत नांदतो आहोत. पिनच्या कल्पनेचे पेटंट १९६६ साली स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांनी घेतले होते, हेही खरे. पण त्यांच्या गोष्टीत बायको नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही.

इकडे मुंबईत अण्णा लेजर लिहीत होते. गिऱ्हाईक चेक देई, क्लार्क त्याला पितळी टोकन देई. चेक लेजरला, तिथून सही पडताळायला, तिथून अधिकाऱ्याकडे, तिथून कॅशियरकडे, असा वऱ्हाडासारखा थांबत थांबत जाई. तोवर गिऱ्हाईक बाकावर बसून मुलीच्या लग्नापासून मूळव्याधीपर्यंत सगळे बोलून घेई. मग कॅशियर ओरडे, "सत्तेचाळीस!" या पद्धतीत वेळ जाई हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पण कुणाच्या घरात काय चालले आहे हे अण्णांना खातेउताऱ्याआधी कळे.

मग १९८३ साल उजाडले. बँकांची संघटना आणि कर्मचारी युनियन यांच्यात करार झाला आणि कुठे किती यंत्रे बसवायची याला मर्यादा घालून यंत्रांना दार उघडले गेले. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि लेजर लिहिणारी यंत्रे शाखांत येऊ लागली. १९८७ साली मुंबईत देशातले पहिले एटीएम उभे राहिले. अण्णा तेव्हा दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणतात. आज देशात दोन लाखांवर एटीएम आहेत. इतकी जेवणे कोण सोडणार? अण्णांनीही शेवटी कार्ड घेतले. पिन ठेवला १९८३. (हे छापून आल्यावर त्यांना तो बदलावा लागेल.)

मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरे माळ्यावर गेली होती. २०१६ साली यूपीआय आले आणि आता माझी मुलगी पाणीपुरीवाल्याला वीस रुपये फोनने देते. परवा तिने विचारले, "बाबा, बँकेत लोक जातात कशाला?" मी तिला ओरडलो. उत्तर येत नसले की आम्ही वडीलधारे हेच करतो.

उत्तर मला गेल्या महिन्यात सापडले. आमच्या शाखेत एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. एरवी पासबुकातली काना-मात्रेची चूकही सोडत नाहीत. त्या दिवशी आल्या त्या फोन कानाला लावून. मुदतठेव मोडायची, सगळी रक्कम एका नवीन खात्यात पाठवायची. कारण विचारले तर, "घरचंच काम आहे." फॉर्मवर तारीख चुकली, सही हलली. वर्गात डस्टर फेकून मारताना जो हात हलला नाही तो हलत होता.

संगणकाचे काहीच म्हणणे नव्हते. खाते बरोबर, रक्कम बरोबर, बटण दाबायचे. पण माझ्या अंगातले अण्णा जागे झाले.

"बाई, सिस्टीम स्लो आहे," मी म्हटले. मग प्रिंटर बिघडवला. मग सही जुळत नाही म्हणून सांगितले. मग साहेब जेवायला गेलेत म्हटले. साहेब मागे उभे होते. खूण कळताच ते खरोखरच जेवायला गेले. सरकारी कामाची बदनाम झालेली प्रत्येक सबब मी त्या अर्ध्या तासात वापरली. फोनवरचा माणूस चिडला, ओरडू लागला, आणि शेवटी त्याने फोन ठेवला. मी बाईंना पाणी दिले. तेव्हा त्या रडल्या. दिल्लीचे पोलीस बोलत होते म्हणे, सकाळपासून त्यांना घरातच अटक झाली होती, कुणाला सांगितले तर मुलालाही पकडणार होते. अशी फोनवरची अटक कुठल्याही कायद्यात नाही हे त्यांना पटवायला आणखी अर्धा तास लागला. मग १९३० या नंबरवर तक्रार केली. ठेव जागची हलली नव्हती.

जाताना बाई म्हणाल्या, "तू खोटं फार सफाईने बोलतोस रे." शाळेत असतो तर अंगठे धरायला लागले असते.

संध्याकाळी अण्णांना सगळे सांगितले. यंत्राला हात हलताना दिसत नाही, असे काहीतरी ते म्हणतील आणि मोर्च्याच्या आठवणी काढतील, या तयारीने मी बसलो होतो. त्यांनी चष्मा पुसला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले,

"टोकन दिलं असतंस, तर खोटं बोलावंच लागलं नसतं."