शाळेची घंटा आणि आगगाडीची शिटी

मुंबई शहराचा इतिहास सांगणारे बहुधा गोदी, गिरण्या आणि कापसाचा बाजार यांपासून आरंभ करतात, आणि तें योग्यच आहे. परंतु या शहरानें आपल्या आसपासच्या खेड्यांतील माणूस कसा घडविला व कसा बदलला, हें समजून घ्यावयाचें असेल तर दोन आवाजांकडे कान द्यावा लागतो. एक शाळेच्या घंटेचा आणि दुसरा आगगाडीच्या शिटीचा. साष्टीच्या ख्रिस्ती वस्तींत हे दोन्ही आवाज जवळजवळ एकाच दशकांत नव्यानें ऐकूं येऊं लागले, आणि पुढें तीन-चार पिढ्या त्यांच्यामागें धांवत राहिल्या.

माहीमची खाडी ओलांडली कीं साष्टी बेट लागतें. वांद्रें, कुर्लें, मरोळ, मालाड, उत्तन हीं तेथील जुनीं गांवें. पोर्तुगीज अमलांत येथील पुष्कळ कोळी, कुणबी व इतर कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वांद्र्याचें सेंट अँड्र्यूचें देऊळ १५७५ सालचें आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. १७७४ सालीं साष्टी इंग्रजांच्या हातीं गेली. राज्यें बदललीं, पण लोकांचीं शेतें, त्यांचीं देवळें आणि त्यांची बोली हीं जागच्या जागीं राहिलीं. आडनांवें पोर्तुगीज असलीं तरी घरांतली भाषा मराठीच होती. हे लोक भात लावीत, ताडी काढीत, मासळी सुकवीत आणि लग्नकार्यांत आपल्या बोलींतलीं गाणीं म्हणत. ख्रिस्ती धर्म आणि मराठी भाषा यांचें कांहीं वांकडें होतें असें मुळींच नाहीं. १६१६ सालीं गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानें ‘क्रिस्तपुराण’ रचलें, तें मराठी ओव्यांतच.

या गांवांतून मुंबईस जावयाचें म्हणजे पूर्वी होडींतून खाडी ओलांडावी लागे. १८४५ सालीं माहीम व वांद्रें यांना जोडणारा बांध खुला झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनीं १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि या रस्त्यावर कोणाकडूनही जकात घेऊं नये अशी अट घातली. खाडी पायाखालीं आली, तरी अंतर कांहीं कमी झालें नाहीं. वांद्र्याहून किल्ल्यापर्यंतची सात-आठ मैलांची वाट रोज तुडविणें शाळकरी मुलास शक्य नव्हतें.

आणि नेमकी याच काळांत ती वाट तुडविण्याची गरज उत्पन्न झाली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें व पुढें मॅट्रिक्युलेशनची परीक्षा सुरू झाली. कस्टम, टपाल, तारखातें, रेल्वे आणि साहेबांच्या पेढ्या यांना इंग्रजी लिहूं-वाचूं शकणारे कारकून हवे होते. ज्याच्या मुलास इंग्रजी आलें त्याच्या घरीं महिन्याच्या महिन्याला पगार येऊं लागला. ज्याच्या मुलास आलें नाहीं तो पावसाच्या भरंवशावर राहिला. साष्टीच्या शेतकऱ्यास हा हिशेब कोणीं समजावून सांगावा लागला नाहीं.

यानंतरचीं वर्षें एकापुढें एक मांडून पाहण्याजोगीं आहेत. १८६३ सालीं वांद्र्यास जेसुइट पाद्र्यांनीं सेंट स्टॅनिस्लॉस ही संस्था अनाथ मुलांसाठीं काढली. पुढें तिची मोठी शाळा झाली. १८६४ सालीं माझगांवीं सेंट मेरीज ही शाळा निघाली, आणि त्याच वर्षीं बी. बी. सी. आय. रेल्वेचा रस्ता गुजराथेंतून ग्रँट रोडपर्यंत येऊन पोंचला. १८६७ च्या एप्रिलांत विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. १८६९ सालीं सेंट झेवियरची शाळा व कॉलेज यांची स्थापना झाली. म्हणजे अवघ्या सहा-सात वर्षांत विद्येचें स्थान आणि तेथवर नेणारें वाहन हीं दोन्ही सिद्ध झालीं. ठाण्याकडील लोहमार्ग तर १८५३ पासूनच चालू होता. शाळा काढणाऱ्यांनीं आणि रूळ टाकणाऱ्यांनीं एकमेकांस विचारून हें केलें नव्हतें. पण परिणाम असा झाला कीं, जणूं दोघांनीं मिळून एकच योजना आंखली होती.

या शाळांतील शिस्त प्रसिद्ध होती. जेसुइटांची शिक्षणपद्धति १५९९ सालच्या एका नियमावलीवर उभारलेली. रोजचा धडा रोज म्हणून घेणें, वारंवार उजळणी, वर्गावर्गांतील चढाओढ, आणि वर्षाअखेर सर्वांसमक्ष बक्षिसें हीं तिचीं मुख्य अंगें होत. कॅथलिक मुलांना धर्मप्रश्नोत्तरें पाठ करावीं लागत. इतरांसाठीं नीतिपाठाचा तास असे. इतर म्हणजे थोडेथोडके नव्हेत. पारशी, हिंदू, मुसलमान व यहुदी घरांतील मुलें या शाळांतून मोठ्या संख्येनें बसत, कारण तेथील इंग्रजीची ख्याति होती आणि वेळेच्या बाबतींत तेथें कोणाचीच गय केली जात नसे.

वेळेचा विषय निघालाच आहे, तर त्या काळच्या विद्यार्थ्याची एक वेगळीच अडचण श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी. १९०५ अखेरपर्यंत हिंदुस्थानांतील आगगाड्या सामान्यतः मद्रास वेळेनें चालत. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारें अर्धा तास पुढें असे. १९०६ च्या आरंभीं सर्व देशासाठीं एकच वेळ ठरली; परंतु मुंबईच्या नगरपालिकेनें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं, आणि तो फरक तर ३९ मिनिटांचा होता. शहराचें घड्याळ एक आणि गाडीचें दुसरें. ज्या मुलाचा बाप सूर्याकडे पाहून नांगर जुंपीत होता, त्या मुलास दोन घड्याळांचा हिशेब डोक्यांत ठेवून घराबाहेर पडावें लागे. १८६७ सालीं तर दिवसाकाठीं जाण्याची एक व येण्याची एक एवढीच गाडी होती. ती चुकली कीं दिवस बुडाला.

पुढें गाड्या वाढल्या. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां दाट वस्तींतून लोक वांद्रें व त्यापलीकडील मोकळ्या हवेंत येऊन राहूं लागले आणि रोज गाडीनें कामावर जाण्याची रीत केवळ ख्रिस्ती गांवकऱ्यांची न राहतां सर्व मध्यम वर्गाची झाली. १९१८ सालीं वांद्र्यास साल्सेट कॅथलिक सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. १९२५ च्या फेब्रुवारींत बोरीबंदर ते कुर्लें अशी विजेची पहिली गाडी धांवली. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत आणि १९३६ सालीं विरारपर्यंत वीज गेली. चर्चगेटहून बोरिवली ३४ किलोमीटर, तर वसई रोड सुमारें ५२ किलोमीटर. इतक्या दुरून रोज शिकावयास येणें आतां अशक्य राहिलें नाहीं.

या प्रवासाचेंही एक शिक्षण होतें. पहांटे उठून, भाकरीचा डबा घेऊन, चिखल तुडवीत स्टेशन गांठावयाचें; मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावाकडे चालत जावयाचें; संध्याकाळीं दिवेलागणीस परत. डब्यांत पारशी मुनीम, गुजराथी दलाल, कोळीण आणि तिची पाटी, आणि त्यांच्यामध्यें भूमितीचे सिद्धांत पाठ करणारा मुलगा. शाळेनें त्यास इंग्रजी शिकविलें असेल. पण निरनिराळ्या जातींचीं माणसें खांद्याला खांदा लावून कशीं बसतात, हें गाडीनेंच शिकविलें. मासिक पास हें त्या मुलाचें पहिलें महत्त्वाचें कागदपत्र होय. तो हरवणें म्हणजे पाठ्यपुस्तक हरवण्यापेक्षां मोठा अपराध.

शाळा चालविणाऱ्यांवरही संकटें आलीं. मुंबईचे जेसुइट मुख्यतः जर्मन होते. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांतील बहुतेकांना स्थानबद्ध करून पुढें मायदेशीं धाडण्यांत आलें. युद्धानंतर त्यांचें काम स्पॅनिश जेसुइटांनीं उचललें. प्रसिद्ध इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास हे त्यांपैकींच. ते १९२२ सालीं मुंबईस आले आणि १९२६ सालीं त्यांनीं झेवियर कॉलेजांत इतिहाससंशोधनाची संस्था उभारली. शिक्षक बदलले, देश बदलले. पण घंटा तीच राहिली.

या शिक्षणाचें फळ कोणतें, असें विचारल्यास जोसेफ बॅप्टिस्टा यांचें नांव घ्यावें लागतें. त्यांचा जन्म १८६४ चा, म्हणजे सेंट मेरीज शाळा निघाली त्याच वर्षीचा; माझगांवच्या माथारपाखाडींत ते वाढले आणि त्याच शाळेंत शिकले. पुढें केंब्रिजला जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं होमरूल लीग स्थापिली, तिचे पहिले अध्यक्ष बॅप्टिस्टाच. कामगारांच्या चळवळींत ते अग्रेसर होते आणि १९२५ सालीं मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. पाद्र्यांच्या शाळेंत शिकलेला माणूस स्वराज्याचा कैवारी होऊं शकतो, हें त्यांच्या चरित्रानें दाखवून दिलें.

परंतु इतिहासानें जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे. १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. नोकऱ्यांसाठीं स्पर्धा वाढलेली होती, आणि गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे व कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहों, हें सरकारच्या नजरेस आणावयाचें होतें. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनीं इंग्रजी नांव घेतलें तें या कारणासाठीं. नांवामागोमाग भाषाही आली. प्रथम ती कचेरींत आली, मग बैठकींत, आणि शेवटीं स्वयंपाकघरांत. आजी मराठींत बोले, आई दोन्ही भाषांत बोले, आणि नातवास मराठी केवळ समजे. त्या बोलींतलीं लग्नगीतें आणि म्हणी म्हाताऱ्या माणसांबरोबर मावळूं लागल्या. यास केवळ पाद्र्यांना दोष देणें न्यायाचें नाहीं. इंग्रजी मुलांच्या पालकांनींच मागितली, आणि मागण्याचें कारण त्यांच्या रिकाम्या कणग्यांत होतें. तथापि अडीचशें वर्षांपूर्वीं एका इंग्रज जेसुइटानें मराठी शिकून ओव्या रचाव्या, आणि त्याच संघाच्या शाळांत मराठी मुलांनीं मराठी विसरावें, हा फेरा चटका लावणारा आहे.

हें अटळ होतें काय? वसईकडे पाहिलें तर नाहीं असें म्हणावें लागतें. वसईचे कॅथलिकही त्याच पोर्तुगीज काळांतले. पण तें अंतर मोठें; शेतीवाडी व बागायत टिकून राहिली. वसईची भाजी, केळीं आणि फुलें गाडीनें मुंबईच्या बाजारांत जात, आणि माणूस संध्याकाळीं आपल्या वाडींत परत येई. तेथील गांवांतून मराठी शाळा चालल्या आणि चर्चमधील प्रार्थनाही मराठींत रुजली. त्याच मातींतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे लेखक निपजले, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. गाडी दोन्ही ठिकाणीं तीच होती. फरक इतकाच कीं, वसईच्या मुलास पहिलीं अक्षरें घराजवळ आणि घरच्या भाषेंत मिळालीं.

पुढें साष्टींतही शाळा मुलांच्या दाराशीं आल्या. विसाव्या शतकांत वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत कॅथलिक शाळा वाढत गेल्या, आणि १९५० व १९५७ सालीं हीं उपनगरें बृहन्मुंबईंत सामील झालीं. पण तोंपर्यंत गांवें शहराच्या पोटांत गेलीं होतीं. भातखाचरांवर इमारती उठल्या, आणि जुन्या गांवठाणांतील क्रूस तेवढे रस्त्याच्या कडेस उभे राहिले.

आज मुंबईच्या लोकलगाड्यांतून रोज लाखों लोक प्रवास करतात. २०२५ च्या ९ जूनला सकाळच्या गर्दींत मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले आणि कांहींजण प्राणांस मुकले. त्या दारांत शिकणारीं मुलेंही रोज उभीं असतात. चांगली शाळा दूर आहे म्हणून मुलास दोन-दोन तास प्रवास करावयास लावणें हें दीडशें वर्षांपूर्वीं नाइलाजाचें होतें. साष्टीच्या शेतकऱ्यापुढें दुसरी वाट नव्हती. आजच्या पालकांपुढें ती आहे. शाळेचें नांव, तिचा निकाल आणि तिची फी हीं विचारण्यापूर्वीं ती घरापासून किती दूर आहे, आणि संध्याकाळीं परत आलेलें मूल आजीशीं तिच्या भाषेंत चार शब्द बोलूं शकेल काय, हे दोन प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारावेत. साष्टीच्या पिढ्यांना ते विचारण्यास सवड मिळाली नाहीं. गाडीची वेळ झाली होती.