‘ताप’ या एका रकान्यात

रामटेकचा गड म्हटला की वाचकांना कालिदासाचे ‘मेघदूत’ आठवते. पायथ्यापलीकडील मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी क्वचितच आठवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखात खाणी आल्या, मजूर आले, आगगाडी आली. १९१८ साली इन्फ्लुएन्झाही रेल्वेच्याच वाटेने मध्य प्रांतात शिरला. जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरनंतरची दुसरी संहारक ठरली. त्यात पाऊसही फसलेला. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड यांना सर्वाधिक तडाखा बसला. हिंदुस्थानातील बळींचा आरंभीचा सरकारी अंदाज सुमारे साठ लाखांचा होता. पुढे अभ्यासकांनी तो एक कोटी वीस लाखांपलीकडे नेला.

आकडे इतके डळमळीत का? गावातील मृत्यूची वर्दी कोतवाल ठाण्यात देई, आणि कारण बहुधा एकच लिहिले जाई : ताप. मेलेल्यांची ही गत. मग ताप उतरल्यावर जे महिनोन्महिने पेंगत राहिले, ज्यांचे हात कापू लागले, त्यांची नोंद कोण ठेवणार? त्यांना आळशी म्हटले गेले असेल, नाहीतर बाहेरची बाधा.

व्हिएन्नातील फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये निद्रालू मस्तिष्कशोथाचे वर्णन केले. रुग्ण जेवता जेवता झोपी जात. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कंपवात जडला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागील भागात बिघाड झाला की निद्रा अनावर होते, हे त्यांचे अनुमान पुढे मान्य झाले. मात्र या व्याधीचे मूळ इन्फ्लुएन्झातच होते, हे आजवर सिद्ध झालेले नाही. इकोनोमोंचे पहिले रुग्ण तर महासाथीपूर्वीचे आहेत! दोन्ही साथींची सांगड घालण्याचा मोह इतिहासकाराने आवरावा, असे मला वाटते.

त्याच हायपोथॅलॅमसला देठाने लटकलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी शरीरातील पाणी, क्षार आणि अन्य ग्रंथींचे नियमन करते. कोविडच्या काळात काही रुग्णांत तिचेही बिघाड नोंदले गेले : रक्तातील सोडियम घसरणे, अनावर तहान व लघवी, आधीच गाठ असलेल्या ग्रंथीत अकस्मात रक्तस्राव. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नागपुरासह महाराष्ट्राने ‘काळी बुरशी’ही पाहिली. नाकामागील पोकळीतून ती मेंदूकडे सरके; पीयूषिका आणि त्या पोकळीमध्ये हाडाचा केवळ पातळ पडदा असतो. नुसत्या ‘थकव्या’मागेही कधी ही ग्रंथी असू शकते, हे रक्ताच्या तपासणीत कळते. १९१८ मध्ये ती सोय नव्हती.

आमच्या दफनाच्या नोंदवहीतही मृत्यूच्या कारणाचा रकाना आहे. घाईत मीही तेथे ‘अशक्तपणा’ लिहून मोकळा झालो आहे. अलीकडे आप्तांना विचारतो, आधी मोठा ताप आला होता का, आणि केव्हा? उत्तर मिळाले की पेन्सिलीने बाजूला टिपून ठेवतो.