घरगुती व्यस्त परासरण संच

पाण्यात विरघळलेले क्षार अर्धपार्य पटलातून दाबाखाली वेगळे करणारे, स्वयंपाकघरात बसवता येणारे पेयजल-शुद्धीकरणाचे साधन. व्यवहारात त्याला नुसते ‘आरओ’ म्हणतात. साधी गाळणी, कँडल किंवा अतिनील दिवा गढूळपणा व जंतू यांचा बंदोबस्त करतात. पण विरघळलेले मीठ, फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक यांवर त्यांचा काही इलाज चालत नाही. घरगुती साधनांपैकी हे काम मुख्यतः व्यस्त परासरणच करते, आणि या पद्धतीची खरी गरज कोठे आहे व कोठे नाही हेही त्यावरूनच ठरते.

अर्धपार्य पटल म्हणजे पाण्याचे रेणू जाऊ देणारा, पण क्षारांना बहुतांशी अडवणारा पातळ पापुद्रा. अशा पटलाच्या एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेवले, तर पाणी आपोआप गोड्या बाजूकडून खाऱ्या बाजूकडे जाते. यास परासरण म्हणतात, आणि हा ओघ जेमतेम थोपवण्यास लागणारा दाब तो परासरण दाब. खाऱ्या बाजूवर त्याहून अधिक दाब दिला की ओघ उलटतो व क्षार मागे राहून पाणी तेवढे पलीकडे जाते. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे 27 बार असतो. दर लिटरला 1000 मिलिग्रॅम क्षार असलेल्या कूपनलिकेच्या पाण्याचा तो एक बारही भरत नाही. ओट्याशेजारच्या पेटीतील छोट्या पंपावर भागते ते यामुळेच.

परासरणाचे निरीक्षण फ्रान्समधील झाँ-आंत्वान नोले याने 1748 मध्ये नोंदवले होते. पण क्षार अडवूनही पुरेसे पाणी सोडणारे पटल मिळेपर्यंत दोन शतके गेली. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असममित पटल तयार केले आणि 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावी त्यावर चालणारा पाणीपुरवठा सुरू झाला. पुढे जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर दिलेले संयुक्त पटल विकसित केले. आजच्या घरगुती संचातील ‘मेम्ब्रेन’ याच जातीचे असते व ते जाळीसह गुंडाळीच्या रूपात नळीत बसवलेले असते.

पाण्यातील एकूण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे ‘टीडीएस’, ही या विषयातील नेहमीची मोजपट्टी होय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला 500 मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास 2000 पर्यंत मुभा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाण पट्टा किंवा फ्लोराइडने ग्रासलेली यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावे येथे आरओची उपयुक्तता वादातीत आहे. याउलट भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या जलाशयांतून मुंबईला येणारे पाणी मुळातच कमी क्षाराचे असल्याने तेथे नळाच्या पाण्यासाठी हा संच बसवणे म्हणजे पाणी व पैसा दोन्ही वाया घालवणे होय; जंतूंची शंका असल्यास अतिनील दिव्याचे साधन किंवा उकळणे पुरते. विक्रेते घरोघरी एक प्रयोग दाखवतात : दोन पेल्यांत विजेचे अग्र बुडवले की नळाचे पाणी तपकिरी गढूळ होते व आरओचे तसेच नितळ राहते. त्या पेल्यात दिसणारा गाळ बहुतांशी लोखंडी अग्राच्या गंजाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून तो तेथे तयार होतो, आणि जवळजवळ क्षारहीन पाण्यातून ती वाहत नाही म्हणून होत नाही. पाण्याच्या घाणीशी या प्रयोगाचा काही संबंध नाही.

बसवणी : संचाची जागा सिंकजवळच्या भिंतीवर, उन्हापासून व शेगडीच्या आचेपासून दूर आणि विजेचा सॉकेट व सांडपाण्याची वाट जवळ असेल अशी निवडतात. नळाच्या जोडावर तिहेरी व्हॉल्व्ह बसवून पाव इंची नळीने पाणी आधी बाहेरच्या गाळणीत घेतले जाते. पारदर्शक भांड्यातील पांढऱ्या दोऱ्याची किंवा स्पनची ही कँडल माती व गंज अडवते. त्यापुढे बारीक गाळाची गाळणी, क्लोरीन शोषणारा सक्रिय कार्बन, विजेवर उघडझाप करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, 24 व्होल्टवर चालणारा बूस्टर पंप आणि मेम्ब्रेन असा प्रवास होतो. उत्पादकागणिक हा क्रम थोडा मागेपुढे होतो, परंतु कार्बन मेम्ब्रेनच्या आधी असणे अनिवार्य असते. मेम्ब्रेनमधून दोन नळ्या निघतात, एक शुद्ध पाण्याची व एक क्षारयुक्त टाकाऊ पाण्याची. टाकाऊ नळीवर बोटभर लांबीचा प्रवाहरोधक असतो. त्यावरील 300 किंवा 450 हा आकडा दर मिनिटाला किती मिलिलिटर पाणी बाहेर पडू द्यायचे ते सांगतो, आणि त्याच्या अडवणुकीमुळेच मेम्ब्रेनमध्ये दाब टिकतो. हा लहानसा भाग उलटा लावला किंवा विसरला, तर पंप धडधडत राहतो व साठवण-टाकीत पाणी पडत नाही.

दाबाचा विचार बसवणाऱ्याने आधीच करावा लागतो. गच्चीवरील टाकीपासून दर दहा मीटर खाली सुमारे एक बार दाब मिळतो. म्हणून सर्वात वरच्या मजल्यावर पंपाला पाणी अपुरे मिळून कमी दाबाचा स्विच संच वारंवार बंद पाडतो, तर उंच इमारतीच्या तळमजल्यावर दाब इतका असतो की दाबनियंत्रक झडप न लावल्यास नळ्यांचे जोड सुटतात. पॉलिअमाइड पटलाला साधारणतः 45 अंश सेल्सिअसपर्यंतचेच पाणी सोसते. त्यामुळे सौर बंबाच्या वाहिनीवर संच कधीही जोडू नये; विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरील काळ्या टाकीचे पाणीही धोक्याच्या जवळ जाते, तेव्हा संच पहाटे चालवून साठवण-टाकी भरून घेणे श्रेयस्कर. थंडीत उलट अनुभव येतो. मेम्ब्रेनची क्षमता 25 अंशांस मोजलेली असते व त्याखाली प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणून डिसेंबरात टाकी सावकाश भरू लागली म्हणजे मेम्ब्रेन संपले असे लगेच समजू नये.

नवा कार्बन बसवल्यावर त्यातील काळी भुकटी मेम्ब्रेनमध्ये जाऊ नये म्हणून त्याची नळी काही वेळ मोकळी सोडून काळे पाणी बाहेर काढतात. मेम्ब्रेन टिकवण्यासाठी त्यात परिरक्षक द्रव वापरलेला असू शकतो. म्हणून पहिल्या एक-दोन टाक्यांचे पाणी पिण्यास न वापरता सोडून द्यावे.

देखभाल : मेम्ब्रेन हा संचातील सर्वात महागड्या भागांपैकी एक, आणि बहुतेक देखभाल त्याच्या रक्षणासाठीच असते. बाहेरची कँडल तीन ते सहा महिन्यांत, आतील गाळणी व कार्बन सहा महिने ते वर्षभरात आणि मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांत बदलतात. पण हे आकडे पाण्यावर अवलंबून आहेत. टँकरच्या गढूळ पाण्यावर कँडल महिनाभरात मातकट होते. अतिनील दिवा असेल तर तो पेटलेला दिसत असला तरी वर्षभरात त्याची मारक शक्ती ओसरते, म्हणून तोही बदलावा लागतो.

मेम्ब्रेनची प्रकृती टीडीएस मीटरने तपासता येते. येणाऱ्या पाण्याचा टीडीएस 800 आणि शुद्ध पाण्याचा 60 असेल, तर साडेब्याण्णव टक्के क्षार अडले, म्हणजे मेम्ब्रेन ठीक आहे. मोजमाप मात्र साठवण-टाकीच्या तोटीऐवजी मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या नळीवर आणि संच काही मिनिटे चालल्यावर घ्यावे. बंद अवस्थेत क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात व पहिल्या पेलाभर पाण्याचा आकडा फसवा येतो. बिघाडाचे कारणही यावरून उकलते. कूपनलिकेच्या जड पाण्यावर चालणाऱ्या संचात चुन्याचे थर बसून पाण्याची धार बारीक होते. महापालिकेच्या क्लोरीनयुक्त पाण्यावर संपलेला कार्बन तसाच ठेवला, तर क्लोरीन पटलाला छिद्रे पाडल्यासारखे झिजवतो. धार उलट वाढते आणि टीडीएसही चढतो. पाणी भरपूर येऊ लागले म्हणून घरातील मंडळी खूश होतात, तेव्हा मेम्ब्रेन निकामी झालेले असते. धार ठीक असून टीडीएस एकाएकी वाढला, तर मेम्ब्रेनच्या टोकाचे रबरी कडे निसटले आहे का ते आधी पाहावे. टाकी भरल्यावरही टाकाऊ नळी वाहत राहिली, तर दोष सहसा सोलेनॉइड व्हॉल्व्हचा किंवा टाकीतील तरंगत्या स्विचचा असतो.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजतो. जंतू, कीटकनाशके किंवा अल्प प्रमाणातील आर्सेनिक त्याला कळत नाहीत. पाणी फार अळणी लागू नये म्हणून अनेक संचांत ‘टीडीएस अ‍ॅडजस्टर’ नावाचा स्क्रू असतो, जो मेम्ब्रेनमधून न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. फ्लोराइड किंवा नायट्रेटच्या गावात हा स्क्रू उघडणे म्हणजे ज्यासाठी संच घेतला तेच पुन्हा पेल्यात आणणे होय. तेथे तो पूर्ण बंद ठेवावा. साठवण-टाकीत क्लोरीन नसल्याने पाणी फार दिवस साचू देऊ नये, आणि आठवडाभर घर बंद राहिले असल्यास टाकी रिकामी करून नव्याने भरावी.

टाकाऊ पाण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. घरगुती संचात आत गेलेल्या पाण्याचा साधारण चौथा भाग पिण्यास मिळतो; वीस लिटर पिण्याच्या पाण्यामागे साठ लिटर मोरीत जाते. हे पाणी घाण नसते. त्यातील क्षार मूळच्या पाण्याच्या सुमारे 1.3 पट असतात, त्यामुळे लादी पुसणे, संडासात ओतणे, गाडी धुणे यांसाठी ते बादलीत धरावे. मूळ पाणीच खारट असेल तर मात्र कुंड्यांना घालू नये. कमी आकड्याचा प्रवाहरोधक लावून निम्मे पाणी मिळवता येते, पण उरलेल्या पाण्यात क्षार दुप्पट होऊन मेम्ब्रेनवर थर लवकर बसतात. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये टीडीएस 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तेथे आरओ वापरास मनाई करावी व इतरत्र 60 टक्क्यांहून अधिक पाणी परत मिळणे बंधनकारक करावे असे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयास दिले. यातील पहिली अट कोणासही स्वतः तपासता येण्याजोगी आहे : साधा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि ज्या इमारतीत नळाचे व कूपनलिकेचे पाणी एकाच टाकीत मिसळते तेथे संच घेण्यापूर्वी दोन्ही पाणी वेगवेगळे आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा मोजून पाहावे.