लेकरू कुठं ठेवू?

आज बचतीचं, कर्जाचं, हप्त्याचं काही सांगणार नाही. आज लहान लेकरांना घेऊन घराबाहेर पडण्याचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, याला कसला आलाय इतिहास? मलाही तसंच वाटायचं. पण माझ्याच हातून एक चूक झाली आणि मी शोधायला लागले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटाची मासिक बैठक चालू होती. एका सदस्येच्या दीड वर्षाच्या मुलानं शाईचं पॅड उचललं आणि इतिवृत्ताच्या वहीवर उपडं केलं. तीन महिन्यांचे हिशेब निळे झाले. मी चिडले. नव्या पानावर पहिलाच ठराव लिहिला, "बैठकीला लहान मुलं आणू नयेत." सगळ्यांनी सह्या केल्या. तिनंही केली.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. बचतीचे पैसे जावेच्या हाती पाठवले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मग मी तिच्या घरी गेले. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, लेकरू कुठं ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन आजेसासूबाईंना विचारलं, तुम्ही कुठं ठेवत होता? त्या हसल्या. म्हणाल्या, "बाभळीला." म्हणजे बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू त्यात टाकायचं आणि खुरपायला लागायचं. झोळीशी कोण? तर थोरली मुलगी. वय सात नाहीतर आठ. दोन भाऊ तिनं वाढवले आणि शाळा मात्र तिला मिळाली नाही. आपल्याकडच्या कितीतरी आत्या आणि मावश्या अशा अंगठा उठवत राहिल्या. त्याचं मूळ त्या झोळीच्या दोरीत आहे.

मग बायका लेकरांना घेऊन मजेसाठी कधी बाहेर पडायच्याच नाहीत का? पडायच्या, पण त्याला निमित्त लागायचं. राहात्याचा आठवडे बाजार, माहेरचं बोलावणं, नाहीतर यात्रा. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. कोपरगाव, पुणतांबा ही आपल्या जवळची स्टेशनं त्याच मार्गावर आहेत. त्याआधी माहेर म्हणजे बैलगाडीची वाट. आगगाडी आली तसं लांबचं माहेर जरा जवळ आलं. पण "सहज जाऊन येते" असं म्हणायची सोय कुठल्याच सुनेला नव्हती.

आपल्या शिर्डीच्या यात्रेचीच गोष्ट घ्या. साईसच्चरितात ती सांगितली आहे. कोपरगावला गोपाळराव गुंड नावाचे सर्कल इन्स्पेक्टर होते. त्यांना बरीच वर्षं मूल नव्हतं. पुढं मुलगा झाला. त्या आनंदात शिर्डीत उरूस भरवावा असं त्यांच्या मनात आलं आणि १८९७ साली तो सुरू झाला. १९१२ पासून त्याच दिवशी रामजन्माचा उत्सवही होऊ लागला आणि द्वारकामाईत पाळणा बांधला गेला. म्हणजे आज लाखो लोक ज्या यात्रेला येतात, तिच्या मुळाशी एका घरात मूल आल्याचा आनंद आहे. हे वाचलं आणि मला माझा तो ठराव आठवला. ज्या गावाची यात्रा लेकराच्या आनंदातून सुरू झाली, त्या गावात मी लेकराला सतरंजीवरून उठवलं होतं.

आता जरा लांब जाऊ, समुद्राकाठच्या बोर्डीला. "लेकरू कुठं ठेवू" हा प्रश्न दोन बायकांनी तिथं मनावर घेतला होता. एक ताराबाई मोडक, दुसऱ्या अनुताई वाघ.

ताराबाई शिकलेल्या, शहरातल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पण ताराबाईंना वाटू लागलं, की हे सगळं शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांपुरतं राहतंय. गरिबाच्या लेकराचं काय? म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. अनुताई तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच नवरा गेला होता. स्वतःचं मूल नाही, पण शेकडो मुलांचं शेंबूड त्यांनी पुसलं.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरची गरीब मुलं येईनात. कशी येणार? आई कामावर, मुलाला आणणार कोण? दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, यांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघींनी तसं म्हटलं नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची असं ठरवलं. त्यातून शब्द जन्मला, अंगणवाडी. आज आपण रोज तोंडात घोळवतो तो शब्द असा अंगणातून आला आहे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची. मग शाळाही त्यांच्यामागं कुरणात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. शिकवायला महागाची खेळणी नव्हती. पानं, बिया, शिंपले, खडे घ्यायचे, मोजायचे, लावायचे, रंग ओळखायचे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात सुरुवातीला ३३ प्रकल्प होते. आज गावोगावच्या अंगणवाड्या त्याच योजनेत चालतात. योगायोग बघा, बायकांचे बचतगट उभे करणारं आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, तेही १९७५ सालचंच. लेकराचं काम आणि बाईचं काम एकाच वर्षी सरकारी कागदावर आलं. फक्त दोन वेगळ्या फायलींमध्ये आलं.

आणि आपली अडचण बरोबर या दोन फायलींच्या मधे आहे. तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत जाऊन बसतं. त्याहून लहान असेल, तर आहाराचं पाकीट घरी मिळतं, लसीकरण होतं, वजन होतं. पण दिवसभर त्याला सांभाळायचं कोणी? ते आईच्या कडेवरच राहतं. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या भागात कोप्या पडतात, तेव्हा बघा. पाचटाच्या ढिगाजवळ तान्ही लेकरं थंडीत निजलेली असतात आणि आई मोळ्या वाहत असते.

२००५ सालच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात मात्र एक गोष्ट फार नीट लिहिली होती. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. हे वाचून मी थांबले. म्हणजे लेकरू सांभाळणं हेही काम आहे, हजेरीपटावर मांडता येईल असं काम. आमच्या वहीत मात्र ते नियम मोडल्यात जमा होतं.

पुढच्या बैठकीत मी तो ठराव स्वतः खोडला. सगळ्यांसमोर म्हणाले, माझं चुकलं. नवा ठराव असा: बैठकीच्या दिवशी पाळीपाळीनं एक सदस्य मुलं सांभाळेल, तिची हजेरी पूर्ण धरली जाईल, आणि इतिवृत्तात तिच्या नावापुढं लिहिलं जाईल, "मुलं सांभाळली." शाईचं पॅड आता कपाटावर ठेवतो. ही अक्कल आधीच यायला हवी होती.

ती परत आली. आता आमची बैठक अर्धा तास लांबते, गोंगाट होतो. एक ज्येष्ठ सदस्य अजूनही कुरकुरतात, "आमच्या वेळी नव्हती ही थेरं." खरं आहे त्यांचं. त्यांच्या वेळी बाभूळ होती.

आणखी एक गोष्ट सुरू केली. महिन्यातून एकदा, बैठक झाली की मुलांना घेऊन आम्ही फिरायला जातो. लांब नाही. कधी कालव्याचं आवर्तन सुटलं की वाहतं पाणी बघायला, मुलांचे हात घट्ट धरून. कधी साईनगरच्या स्टेशनवर गाडी बघायला. कधी नुसतं चिंचेखाली. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मुलांना मुरमुरे. खर्च नाहीच.

मागच्या वेळी चिंचेखाली बसलो होतो. शाई सांडणारा तो पठ्ठ्या आता साडेतीन वर्षांचा झालाय. त्यानं चिंचोके गोळा केले आणि आईच्या पुढ्यात एकेक मांडायला लागला. एक, दोन, तीन, पाच. चार त्याला येतच नाही. त्याची आई त्याच्याबरोबर मोजत होती आणि हसत होती. मला म्हणाली, "ताई, लग्न होऊन सहा वर्षं झाली. दवाखाना नाही, देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, असं नुसतं लेकराला घेऊन बाहेर आले ती ही पहिलीच वेळ."

ताराबाई आणि अनुताईंनी कुरणात जे केलं, तेच इथं चिंचेखाली चाललं होतं, आणि त्यासाठी कुठली योजना लागली नव्हती.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटाच्या वहीत माझ्यासारखा एखादा ठराव असेल. आज घरी गेल्यावर वही उघडून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, "तुम्ही लेकरू कुठं ठेवत होता?" त्या जे सांगतील ते लिहून ठेवा. तो आपला इतिहास आहे.

आमची पुढची फेरी शनिवारी आहे. चिंचोके आम्ही जपून ठेवलेत. त्याला चार शिकवायचा आहे.