पूर्वरंग, उत्तररंग आणि पडदा

दासगणू महाराजांनी 1939 साली रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ या 21 अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात, दुसऱ्याच अध्यायात, शेगावातल्या कीर्तनाचा एक प्रसंग येतो. काळ 1878 च्या आसपासचा. गोविंदबुवा टाकळीकर महादेवाच्या देवळात कीर्तनाला उभे आहेत, भागवतातल्या हंसगीतेतला श्लोक निरूपणाला घेतला आहे. त्यांनी पूर्वार्ध म्हणताच बाहेर बसलेले गजानन महाराज उत्तरार्ध म्हणून टाकतात आणि बुवा चकित होतात. भाविकाला यात महाराजांचा अधिकार दिसतो. संगीत कथेच्या कामी कसे येते याचा माग काढणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते: कीर्तनात म्हटलेले पद्य हा निरूपणाचा सांधा असतो. ते अर्धे राहिले तर पुढचे वाक्य उभे राहत नाही, आणि हे मांडवाबाहेर बसलेल्यालाही कळते. हा चरित्रग्रंथ आहे, तो श्रद्धेने आणि प्रसंगानंतर सहा दशकांनी लिहिला गेला, त्याला इतिहासाचा पुरावा कसे मानायचे, असा आक्षेप रास्त आहे. पण तो प्रसंग तसाच घडला की नाही यावर माझे म्हणणे अवलंबून नाही. 1939 सालचा लेखक आपल्या वाचकाला कीर्तनाची ही रीत समजावून सांगत बसत नाही, ती त्याला ठाऊकच आहे असे धरून चालतो. मला हवा तो पुरावा एवढाच आहे. आणि मराठी बोलपटाला कथेत गाणे कुठे आणि कशासाठी घालायचे हे ज्यांनी शिकवले, त्यांत कीर्तनाचा हा श्रोता पहिला आहे, असे माझे मत आहे.

दासगणू स्वतः कसलेले कीर्तनकार होते. त्याआधी ते पोलिसांत शिपाई होते आणि तमाशासाठी लावण्याही रचत. कथा गाऊन सांगण्याच्या दोन्ही वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत मांडला जातो, मध्ये नामाचा गजर होतो आणि उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानातून सिद्ध करून दाखवतात. आख्यान गद्यात चालते. पात्राचे दुःख बोलण्यात मावेनासे झाले की बुवा साकी किंवा दिंडी घेतात. लढाई, धावपळ, गर्दी आली की कटाव येतो आणि झांजेसह लय चढते. बुवा बोलत असताना तबला थांबतो, पण पेटीवाला स्वर धरून ठेवतो, कारण कथेचा रंग त्या स्वराने टिकतो. वेग बदलणे, पात्राच्या मनात शिरणे, एका प्रसंगातून दुसऱ्यात नेणे, ही चित्रपटसंगीताची म्हणून शिकवली जाणारी कामे वऱ्हाडातल्या देवळांत एक माणूस दोन साथीदारांना घेऊन करत होता.

‘श्रीगजाननविजय’च्या तीनच वर्षे आधी, 1936 मध्ये, प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे, तुकाराम विष्णुपंत पागनीस. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तुकाराम साधेपणाने अभंग गातो, आणि तेच शब्द सालोमालो आपले म्हणून देवळात ताना-हरकती घेत गातो. शब्द तेच आहेत. खरा कोण आणि चोर कोण, हे नुसत्या गाण्याच्या ढंगावरून कळते, आणि तेही कथा सुरू होण्याआधी. बुवांचा गळा आणि बुवांचा भाव वेगवेगळा तोलायची सवय लागलेल्या प्रेक्षकासमोरच असा प्रारंभ करण्याचे धाडस होऊ शकते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटला, त्याचे कारणही निव्वळ शब्दकौशल्यात नाही. निरूपणात अभंग जिथे यावा, नेमका तिथे तो बसला आहे.

यावर कुणी म्हणेल की बोलपटाने गाणे घेतले ते संगीत नाटकाकडून. मधला दुवा वगळून थेट कीर्तनाकडे कशाला जायचे? दुवा मान्य आहे. पण 1880 च्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी ही वृत्ते वापरली, ती कीर्तनातूनच रंगभूमीवर आली. पुढे रंगभूमीवर ‘वन्समोअर’ वाढले, नट गायकात विरघळला आणि कथा तिष्ठत राहू लागली. सालोमालोच्या ताना ऐकताना तेच गाणे आठवते. म्हणून प्रभातने नाटकाचा वारसा जसाच्या तसा घेतला नाही. तो कीर्तनाच्या मापाने तपासून घेतला.

दुसरा आक्षेप वाद्यवृंदाचा. पार्श्वसंगीताचे तंत्र पश्चिमेकडून आले हे खरेच. 2016 च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले. तरी त्या चित्रपटात संगीत प्रेमाच्या भरात उसळते आणि शेवटी जिथे काहीच बोलण्यासारखे उरत नाही तिथे आवाजच काढून घेतला जातो. वाद्ये परकी असली तरी कुठे वाजायचे आणि कुठे गप्प बसायचे हा निर्णय कथेचा आहे, आणि तो निर्णय घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कीर्तनात गाणारा समोर उभा असतो. तो आपल्याला रडवतो आहे हे आपल्याला दिसते. चित्रपटात वाद्यवृंद लपलेला असतो आणि भावना आपल्या नकळत घडवली जाते. हा फरक मोठा आहे, आणि तो झाकून चालणार नाही. पण ‘संत तुकाराम’नंतर वर्षभरातच, 1937 मध्ये, व्ही. शांताराम आणि भोळे यांनी ‘कुंकू’ केला. त्यात पार्श्वसंगीत नाही. नायिका नीराचे गाणे घरातल्या ग्रामोफोनच्या साथीने होते, दुसरे रस्त्यावरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्याच्या तोंडी येते, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. प्रत्येक स्वराचा धनी चौकटीत किंवा तिच्या लगत आहे. प्रेक्षकापासून काहीही न लपवता कथा संगीताने सांगता येते की नाही, हा प्रश्न त्या दोघांनी पडद्यावर विचारला आणि सबंध चित्रपट त्याच अटीवर पार पाडला.